गुरुवारचं बोंड

लग्नाच्या जेवणात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी गृहस्थांनी "आपण काय करता?" असं विचारलं, की माझा मसालेभात घशाशी थांबायचा. बँकेत आहे, आयटीत आहे, किंवा काहीच करत नाही, यांतलं कुठलंही उत्तर पुण्यात चालून जातं. माझं चालत नसे. "कापसाच्या तंतूची वाढ जनुकं कशी ठरवतात, यावर पीएचडी करतोय," असं मी सांगायचो. गृहस्थ मठ्ठ्याचा एक घोट घ्यायचे, वाटी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "मग? वाढला का?"

अजून नाही, म्हणावं लागायचं. पुढे मी उत्तर सोपं केलं. सरकीला केस का येतात ते शोधतोय, असं सांगू लागलो. त्याने प्रश्न थांबले, पण समोरच्याची नजर सावकाश माझ्या डोक्याकडे जायला लागली. तिशी ओलांडता ओलांडता माझे केस मला न सांगता निघून गेले होते. "आधी घरचं बघा की," असं एका आजोबांनी जिलबी मोडता मोडता सुचवलं होतं. शास्त्रीयदृष्ट्या त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तसं ते खरंच केसांसारखंच असतं. सरकीला एक पातळ कातडी असते. ज्या दिवशी फूल उमलतं, त्या दिवशी आतल्या कोवळ्या सरकीच्या कातडीतल्या काही पेशी एकाएकी फुगतात आणि लांब व्हायला लागतात. साधारण तीन आठवडे त्या लांबत राहतात, मग आतून भरत जातात, बोंड फुटेपर्यंत वाळतात, आणि आपण त्यांना कापूस म्हणतो. एक तंतू म्हणजे एक पेशी. त्यांना खेटून असलेल्या दुसऱ्या पेशी मात्र जन्मभर कातडीच राहतात. कोणी लांब व्हायचं आणि कोणी कातडी राहायचं, हे कोण ठरवतं? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जसं कोणीतरी एक उठतं, "मी काय म्हणतो" म्हणतं आणि मग सगळ्यांनाच कंठ फुटतो, तसंच तिथे होतं. एक जनुक आधी उठतं. ते स्वतः काडीचं काम करत नाही. बाकीच्या जनुकांना मात्र कामाला लावतं. आमच्या अध्यक्षांना ओळखत असल्यामुळे हा भाग मला चटकन समजला होता.

असंच एक जनुक माझ्या वाट्याला आलं होतं. फूल उमलायच्या सुमारास ते जोरात बोलतं आणि थोड्या दिवसांनी गप्प होतं, एवढी माहिती जगाला आधीच होती. उद्घाटनापुरतं हजर, असा त्याचा स्वभाव. ते नेमकं कधी गप्प होतं आणि ज्या वाणाच्या सरकीला तंतूच येत नाहीत, त्या टकल्या वाणात ते मुळात बोलतं का, एवढंच मला दाखवायचं होतं. एवढंसं दाखवायला मला इतकी वर्षं लागली होती, की पाठ्यवृत्तीचा हा शेवटचा हंगाम होता. उन्हाळ्यात समितीसमोर निकाल मांडायचे. समितीने प्रबंध लिहायला परवानगी दिली तर पदवी. नाही दिली तर वारज्याला मेव्हण्याचे क्लासेस होते, तिथे बारावीच्या मुलांना जीवशास्त्र. मेव्हण्याने बाहेरच्या पाटीवर माझं नावही घालून ठेवलं होतं. नावाआधी 'डॉ.' बसेल एवढी जागा त्याने सोडली होती, आणि ती जागा मला येता-जाता दिसत असे.

तर त्या हंगामात आमच्या संस्थेच्या काचघराचं थंडाव्याचं यंत्र बंद पडलं. आत कपडे वाळतील, पण झाडं जगणार नाहीत, इतका उकाडा. दुरुस्तीची फाईल वर गेली होती आणि वरच राहिली होती. माझी दोन्ही वाणं साधीसुधी, जनुकं न बदललेली, निसर्गातच आलेली होती, त्यामुळे ती कुलपात ठेवायचं बंधन नव्हतं. सर म्हणाले, "ऊन आणि वारा असेल तिथे ने. मला बोंडं आणून दे म्हणजे झालं." सर म्हणजे माझे मार्गदर्शक. ऊन आणि वारा फुकट मिळेल अशी मला ठाऊक असलेली एकच जागा होती, ती म्हणजे कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची.

सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी माझा अर्ज उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि विचारलं, "या झाडांपासून सोसायटीला फायदा काय?" मी म्हणालो, ज्ञानात भर. ते म्हणाले, "ती तुमच्या फ्लॅटमध्ये होऊ द्या." शेवटी त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मध्ये तोंड घातलं. इमारतीला रंग दिला तेव्हा कंत्राटदाराने मागच्या अंगणातलं काकूंचं देवकापसाचं झाड छाटून टाकलं होतं. तेव्हापासून त्यांना वातींसाठी दुकानातला कापूस वापरावा लागत होता, आणि तो त्यांना मनातून पसंत नव्हता. माझं काम संपल्यावर उरलेला कापूस त्यांचा, या बोलीवर परवानगी मिळाली. अट एकच. गच्चीला नुकतंच वॉटरप्रूफिंग झालं होतं, त्यामुळे वर चप्पल घालून जायचं नाही.

ही अट पुढे मला भोवणार होती, पण तेव्हा मी ती नम्रपणे मान्य केली.

कुंड्यांच्या दोन रांगा लावल्या. भिंतीकडेची केसाळ, जिन्याकडेची टकली. मार्चमध्ये फुलं यायला लागली. कापसाचं फूल सकाळी उमलतं तेव्हा मलईसारखं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मान टाकतं. त्यामुळे आज उमललेलं फूल आजच ओळखावं लागतं, उद्या ते काल उमललेलं होतं. आणि बोंडाचं वय हा तर माझ्या सगळ्या कामाचा पाया. कागदी चिठ्ठ्या बांधून पाहिल्या, त्यांच्यावरची शाई उन्हाने उडाली. तेव्हा मी एक युक्ती काढली, जिचा मला फार अभिमान वाटला. एकाच आठवड्यात उमललेली फुलं घ्यायची, आणि सात वारांना सात रंगांचे दोरे बांधायचे. रंग हाच वार. त्यानंतर उमलणारी फुलं आमच्या हिशेबात नाहीत, ती बिनदोऱ्याची.

दोरे आणायला तुळशीबागेत गेलो. सहा रंग पक्के मिळाले. सातवा, मला हवा होता तो जांभळा, दुकानदाराच्या मते पाण्याने जाणारा होता. "पक्काच हवा असेल तर ही घ्या," म्हणून त्याने लाल-पिवळ्या नाडाछडीची गुंडी पुढे केली. पूजेत कलशाला आणि मनगटाला बांधतात ती. जाड, टिकाऊ, लांबून दिसणारी आणि स्वस्त. मी एक क्षणही विचार केला नाही. गुरुवारसाठी ती ठरवून टाकली. इतकी वर्षं उच्च शिक्षण घेतल्यावर माणसाला नाडाछडी म्हणजे एक जाड दोरा दिसतो, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

आता त्या गुरुवारी मी गच्चीवर कसा दिसत असेन, हे मला फार नंतर समजलं. आंघोळ करून मी तडक वर जायचो, कारण नंतर संस्थेत पोचायचं असायचं. म्हणजे अंग ओलं. चप्पल नाही, म्हणजे अनवाणी. कुठली कुंडी झाली आणि कुठली राहिली हे विसरू नये म्हणून मी तोंडाने पुटपुटत असायचो, डावी रांग, तिसरी कुंडी, गुरुवार. आणि एकेका फुलासमोर वाकून, दोन्ही हातांनी, देठ दुखावू नये इतक्या हळुवारपणे, नाडाछडी बांधत होतो. पलीकडे काकू आणि त्यांच्या दोन मैत्रिणी साबुदाण्याच्या पापड्या घालत बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही. मला वाटलं, माझ्या कामाबद्दलचा आदर.

आदरच होता, फक्त वेगळ्या कामाबद्दलचा. दोनच दिवसांनी लिफ्टमध्ये काकूंनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, की कधीपासून करतोय हा. बायकोला वाटलं पीएचडी. ती म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून, काकू. संपतच नाही." काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की एवढी निष्ठा वाया जात नसते. बायकोने हे मला रात्रीच्या जेवणात सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून असा निष्कर्ष काढला, की समाजात विज्ञानाची कदर वाढते आहे.

पुढे मी बोंडं तोडू लागलो. काही रंगांची पाचव्या दिवशी, काहींची दहाव्या. शेवटच्या टप्प्यासाठी, म्हणजे तीन आठवड्यांच्या वयासाठी, भरपूर बोंडं लागतात. तर दोन्ही रांगांत गुरुवारची बोंडं सगळ्यात जास्त दिसत होती. बांधली त्याहून जास्तच दिसत होती, पण मी मनात म्हटलं, माणूस आपल्या कष्टांचा अंदाज नेहमी कमीच करतो. गुरुवारची बोंडं मी शेवटी तोडली. त्यांतली काही फारच लहान होती. तीन आठवड्यांचं बोंड लिंबाएवढं तरी दिसायला हवं, ही सुपारीएवढी. साध्या माणसाला इथे शंका आली असती. मी मात्र गच्चीवरच्या उष्ण वाऱ्याचा बोंडांच्या आकारावर होणारा परिणाम, असा एक उतारा लिहून काढला. चांगला झाला होता तो.

बोंडं दोऱ्यांसकट द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवली, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवली, केसाळ रांगेतली आधी दळून तपासली. आणि आलेख पाहून मी खुर्चीत बसलो होतो तो उभा राहिलो. माझं जनुक दहाव्या दिवशी गप्प झालं होतं, जगाला माहीत होतं तसं. पण तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा बोलायला लागलं होतं. तंतू लांबायचं काम संपत आलेलं, बाकीची जनुकं आपापल्या कामाला लागलेली, आणि हे निवृत्त होऊन पुन्हा हजर. आमच्या सोसायटीच्या कमिटीत ज्याने थोडे दिवस काढले आहेत, त्याला यात अशक्य काही वाटणार नाही.

सरांना आलेख दाखवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ही त्यांची आनंदाची परमावधी. टकल्या रांगेचं काय, असं त्यांनी विचारलं. ती पुढच्या आठवड्यात दळतो, म्हणालो. खरं म्हणजे ज्यात काही सापडणार नाही ते दळायचा मला कंटाळा आला होता. सरांचे तेवढ्यात दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून झाले. समितीची तारीख सोमवारची होती. मी घरी येताना मुद्दाम वारज्याकडून आलो आणि मेव्हण्याच्या पाटीवरची ती मोकळी जागा समाधानाने बघून घेतली.

त्याआधीच्या बुधवारी काकू दारात उभ्या. हातात पेढ्यांचा पुडा. अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाचा व्हिसा महिनोन्महिने अडकला होता आणि त्यापायी त्याचं इकडे येणंही, हे सगळ्या इमारतीला पाठ होतं. तो झाला. रविवारी तो इकडे यायला निघणार होता. मी पेढा तोंडात टाकला.

"अरे, जरा वर चल," काकू म्हणाल्या. "माझा दोरा सोडायचाय, आणि बोंड काही सापडत नाही."

पेढा जिथल्या तिथे राहिला.

"कुठला दोरा, काकू?"

"तुझ्यासारखाच. नाडाछडीचा. आता मुलगा निघायच्या आत सोडायला नको का?"

गच्चीवर त्यांनी मला जिन्याजवळची टकल्या रांगेतली कुंडी दाखवली. तिथे उन्हात जावं लागत नाही म्हणून त्यांनी ती निवडली होती. मला गुरुवारी दोरे बांधताना त्यांनी पाहिलं, कापूस म्हणजे देवाचं झाड, त्यात माणूस ओलेत्याने, अनवाणी, मंत्र म्हणत बांधतोय. पुढच्याच गुरुवारी त्यांनी एका फुलाला बांधला. मी मंत्राबद्दल खुलासा करायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? डावी रांग, तिसरी कुंडी?

"तुम्ही एकट्यांनीच बांधला ना?" मी विचारलं. एवढीच आशा उरली होती.

काकू पापड्या वाळवायच्या जागेकडे बघत म्हणाल्या, "मी एकटी कशाला असेन."

मग सगळं एकदम स्वच्छ झालं. माझ्या नंतरच्या गुरुवारांना, अगदी तोडणीच्या आठवडाभर आधीपर्यंत, उमललेल्या फुलांना या बायकांनी दोरे बांधले, आणि मी ती बोंडं माझी समजून तोडली. सुपारीएवढी बोंडं तीन आठवड्यांची नव्हतीच, ती कोवळी पोरं होती. कोवळ्या बोंडात माझं जनुक बोलणारच, ते त्याचं वयच. निवृत्त होऊन कोणीही परत आलं नव्हतं. माझा शोध म्हणजे केसाळ रांगेतल्या कुठल्या तरी भगिनींच्या मनातल्या इच्छा होत्या, बारीक दळून, शुद्ध करून, आलेखावर काढलेल्या.

मी म्हटलं, निदान कोणाचा दोरा कुठला ते सांगा, म्हणजे मी तेवढी बोंडं वेगळी काढतो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वीजबिलाचा आकडा देवघरात विचारला होता. पुरा होईपर्यंत नवस कोणी बोलून दाखवतं का? मैत्रिणींकडे गेलो. एकीने चहा दिला, दुसरीने पापड्या. दोरा बांधला की नाही, यावर दोघींनी हवेबद्दल बोलणं पसंत केलं.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता मध्येच मला वाटलं, की हे ऐकून कोणीही माणूस मला खिडकीतून बाहेर टाकेल.

"म्हणजे," सर म्हणाले, "बायकांचे नवस फेडले जातील तसतशी तुझी आकडेवारी दुरुस्त होत जाणार."

"हो, सर."

"गुरुवार काढून टाक. सगळाच."

"मग शोध जातो, सर."

"शोध कुठे होता? नवस होता." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग विचारलं, "आणि त्या लहान बोंडांवर तू काय उतारा लिहिला होतास? वाऱ्याचा?"

तो उतारा मी त्यांच्यासमोरच खोडला.

आता राहिलं होतं ते काकूंचं बोंड. टकली रांग दळायचा कंटाळा हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात उपयोगी दुर्गुण ठरला, कारण ते बोंड अजून अख्खं होतं. शनिवारी संस्थेतून थर्माकोलच्या डब्यात कोरडा बर्फ भरला, त्यात गुरुवारची सगळी टकली बोंडं ठेवली आणि डबा पायांत धरून स्कूटरवर कोथरूडला आलो. काकू ठेवणीतली साडी नेसून गच्चीवर तयार होत्या. त्यांनी डब्यात डोकावून स्वतःचा दोरा ताबडतोब ओळखला, गाठीला कुंकू होतं. पण हातात घेऊन सोडायला त्या तयार नव्हत्या. झाडाला बांधलेला दोरा झाडावरच सोडायचा.

त्यामुळे मी जाड हातमोजा घालून, ते धूर सोडणारं गोठलेलं बोंड, ज्या देठावरून तोडलं होतं त्या देठाला टेकवून धरून वाकून उभा राहिलो. काकूंनी पदर खांद्यावर घेतला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि सावकाश गाठ सोडायला घेतली. गाठ गोठलेली होती, वेळ लागला. सेक्रेटरी जिन्याच्या दारात हाताची घडी घालून बघत होते. "लिफ्टमध्ये धूर भरलाय," ते म्हणाले. काकूंनी डोळे न उघडता त्यांना गप्प बसायला सांगितलं.

दोरा सुटला. काकूंनी तो कपाळाला लावला. मग सहज म्हणून, थोडं मऊ झालेलं बोंड नखाने उकललं, आणि आत पाहत राहिल्या.

"अरे, यात कापूस कुठाय?"

"नसतो, काकू. ही रांग टकली. हिच्या सरकीला येतच नाही."

काकूंनी बोंडाकडे पाहिलं, मग अर्थातच माझ्या डोक्याकडे. "मी टकल्याला नवस बोलले होते?"

"हो."

"तरी झालं की काम," त्या म्हणाल्या, आणि ते गुळगुळीत बी पदराच्या टोकाला बांधून खाली गेल्या.

सोमवारी समितीसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. बाहेरच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, पेन्सिल हातात धरून ऐकणाऱ्या. मी माझे सहा रंग मांडले. जनुक पाचव्या दिवशी जोरात बोलतं, दहाव्या दिवशी गप्प होतं, तिसऱ्या आठवड्यातही गप्पच. त्या टप्प्याला शुक्रवारची थोडीच बोंडं उरली होती, पण होती. टकल्या वाणात ते पहिल्यापासून कुजबुजतं फक्त. शेवटच्या दोन दिवसांत न जेवता न कंटाळता मी ती रांग दळली होती, गुरुवार वगळून.

बाईंनी पेन्सिल आलेखावर टेकवली. "सोमवार, मंगळवार, बुधवार आणि मग एकदम शुक्रवार. गुरुवारी फुलं उमलली नाहीत का?"

मी काही बोलायच्या आत सर खाकरले. "गुरुवारी आपल्याकडे..." ते म्हणाले आणि हात हवेत विझवल्यासारखा फिरवला. समितीतल्या दोघा स्थानिकांनी समजून मान डोलावली. गुरुवारी वीज नाही आणि पाणी नाही, हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, त्यावर कोणी पुरावाही मागत नाही. बाईंनीसुद्धा पेन्सिल उचलली. विषय संपला होता. मला फक्त गप्प राहायचं होतं, माझ्या जनुकासारखं.

ते मला कधीच जमलेलं नाही.

"मॅडम, गुरुवारी फुलं उमलली होती," मी म्हणालो. "पण त्या दोऱ्यांत आमच्या सोसायटीतल्या बायकांचे नवस मिसळले."

सरांनी डोळे मिटले. मी मग थांबलो नाही. नाडाछडी, ओलं अंग, वॉटरप्रूफिंग, पापड्या, सुपारीएवढी बोंडं, निवृत्त होऊन परत आलेलं जनुक, सगळं सांगितलं. वाऱ्यावरचा उताराही सांगितला. स्थानिकांपैकी एक जण रुमालात तोंड घालून खोकत होते, ते खोकणं नव्हतं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"तो जुना आलेख आहे?" त्यांनी विचारलं.

मी दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "हा फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "हा आणला असतात तर आम्ही आज टाळ्या वाजवल्या असत्या. आणि पुढची दोन-चार वर्षं कुठे तरी कोणी तरी याच्यामागे धावलं असतं." त्यांनी तो उलटा करून बाजूला ठेवला. "तुमच्या कामात नवीन फारसं काही नाही. पण जे आहे ते चुकलेलं नाही. लिहा प्रबंध."

पुण्यात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. बाहेर आल्यावर सरांनी मला चहा पाजला. कप ठेवताना म्हणाले, "वीज नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं." मग, "बरं केलंस." बायकोला फोन केला तेव्हा तिने आधी विचारलं, की म्हणजे आता संपलं का, आणि मी हो म्हटल्यावर तिने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

केसाळ रांगेचा कापूस ठरल्याप्रमाणे काकूंना दिला. वाती चांगल्या होतात म्हणाल्या, पण त्यांचा जीव आता त्या रांगेत राहिलेला नाही. त्यांना टकली रांग हवी आहे. मी ती झाडं काढायला गेलो तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः येऊन सांगितलं, की कमिटीचा तसा ठराव झालेला नाही. कुठल्या मुद्द्याखाली झाडं ठेवायची, ते त्यांनाही सांगता आलं नाही. गुरुवारी सकाळी वर गेलं तर वॉटरप्रूफिंगवर ओल्या पावलांचे ठसे दिसतात. मला फक्त पाणी घालायची परवानगी आहे, बोंड तोडायची नाही.

प्रबंध अर्धा लिहून झाला असताना त्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. एका कामासाठी पुण्यात येत होत्या. ती टकली झाडं अजून आहेत का, असं त्यांनी विचारलं. आहेत, म्हणालो. वाण दुर्मीळ आहे, एकदा प्रत्यक्ष पाहायला आवडेल, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, केव्हाही या. मग त्यांनी विचारलं, गुरुवार चालेल का.

आल्या. जिन्यात मी सांगायच्या आधीच त्यांनी चपला काढून ठेवल्या. कुंड्या पाहिल्या, पानं उलटून पाहिली, फुलाच्या देठाबद्दल एक खरोखरच चांगला प्रश्न विचारला. मग पर्सच्या बंदावर हात ठेवून म्हणाल्या, "इथून टेकडी दिसते म्हणतात. कुठल्या बाजूला?"

मी दाखवली. त्या काही कठड्याकडे आल्या नाहीत. तेव्हा मीच कठड्यापाशी गेलो आणि त्यांच्याकडे पाठ करून, पर्सची चेन पुन्हा लागल्याचा आवाज येईपर्यंत, टेकडी बघत उभा राहिलो.